श्वासाला दहापैकी किती

औषधांच्या त्या संशोधन केंद्रात तिला सगळे कडूताई म्हणायचे. बाई स्वभावाने कडू मुळीच नव्हती. कोणी दोन शब्द जास्त बोललं की उलट हिचेच डोळे भरायचे. नाव पडलं ते कामामुळे. एका रानवेलीच्या मुळात पिवळाधमक पदार्थ सापडला होता, आणि तो पदार्थ म्हणजे नुसता छळ होता. पाण्यात विरघळायचा नाही, हवेतला ओलावा ओढून गठ्ठे धरायचा, गोळी पाडायच्या साच्याला चिकटून बसायचा. आणि कडू तर असा, की चुकून ओठाला बोट लागलं तर दुपारचा डबा न उघडताच घरी न्यावा लागे. या पठ्ठ्याची सरळ गिळता येईल आणि पोटात वेळेवर फुटेल अशी गोळी करायचं काम कडूताईकडे आलं. चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत तिच्या सगळ्या पांढऱ्या कोटांच्या बाह्या पिवळ्या झाल्या, कारण तो डाग कुठल्याच साबणाला दाद द्यायचा नाही.

औषध होतं फुफ्फुसांसाठी. काही माणसांची फुफ्फुसं आतून हळूहळू जाड होत जातात, कडक होतात, आणि माणूस बसल्या जागी धापा टाकायला लागतो. हा पिवळा पदार्थ त्या आजाराची चाल मंद करतो, असं उंदरांमध्ये दिसलं होतं. उंदरांचं एक बरं असतं, त्यांना कसं वाटतंय हे कोणी विचारत बसत नाही. माणसांचं तसं नाही.

माणसांवरच्या चाचणीत निम्म्या रुग्णांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी द्यायची असते. कोणाच्या वाट्याला कुठली आली हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नाही. डब्यांवर नुसते आकडे. आता खोटी गोळी म्हणजे काय, साखरेची वडी दिली की झालं, असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण गोड लागली तर रुग्ण दुसऱ्याच दिवशी ओळखणार, नाही का? खोटी गोळीही तशीच पिवळी हवी, तेवढ्याच वजनाची, नखाने तोडली तर तशीच तुटणारी आणि मुख्य म्हणजे तशीच कडू. खरीचा कडूपणा जरा उशिराने यायचा आणि घशाशी रेंगाळायचा. कडूताईने दुसऱ्या एका निरुपद्रवी कडू पदार्थाला निरनिराळी वेष्टणं देऊन तो उशीर आणि ते रेंगाळणंसुद्धा हुबेहूब उतरवलं. बारा जणांना चाखायला बसवलं. बाराही जणांनी हात टेकले. त्या दिवशी विभागात पेढे वाटावेत इतका आनंद झाला होता तिला, पण कडू गोळीचे पेढे कोण खाणार, असं म्हणून सगळ्यांनी तिचीच चेष्टा केली आणि तिला ते नाव चिकटलं.

आणि मग तिच्या दादालाच तो आजार निघाला.

दादा तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. आई गेली तेव्हा ही सात वर्षांची; हिच्या वेण्या घालायला तो शिकला, आणि हिचं शिक्षण पुरं होईपर्यंत त्याने स्वतःचं लग्न लांबवलं. शाळेत गणित शिकवायचा. मार्कांच्या बाबतीत माणूस महाकंजूष. उभ्या आयुष्यात कोणाला दहापैकी साडेपाचाच्या वर दिले नाहीत, म्हणून पोरांनी त्याचं नावच साडेपाच ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावरही बाजारात कोणी मिशी फुटलेला माणूस वाकून नमस्कार करायचा आणि चार पावलं पुढे जाऊन बायकोला सांगायचा, “हे आमचे साडेपाच सर.” दादाला ते ऐकू यायचं आणि तो खूश व्हायचा.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याला चाचणीत घ्यायचं ठरवलं तेव्हा कडूताई सरळ आपल्या विभागप्रमुखांकडे गेली. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. लपवाछपवी हिच्या रक्तातच नव्हती.

“सख्खे भाऊ?” मोठ्या बाईंनी चष्मा काढला. “घेता येईल. पण एका अटीवर. घरी औषधाचा विषय काढायचा नाही. त्यांची वही बघायची नाही. कसं वाटतंय, एवढंसुद्धा विचारायचं नाही. तुम्ही विचारलंत की ते तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर देणार. माणूस आपल्या माणसाला नाराज करत नाही, आणि आपलं सगळं गणित तिथेच कोसळतं.”

कडूताईने सही केली. आणि ती अट तिने अशी पाळली की बघतच राहावं. दर रविवारी सकाळी ती दादाकडे जायची, आणि जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायची. शेजारच्यांचं गळकं नळकोंडाळं, बसचं बदललेलं वेळापत्रक, वहिनींचा गुडघा. दादा खिडकीशी खुर्चीत बसलेला असायचा, दाढी केलेली, शर्टाला कडक इस्त्री. तो मधूनच गप्प होऊन तिच्याकडे बघायचा. ती लगेच दुसरा विषय काढायची.

वर्ष पुरं झालं की सगळ्याच रुग्णांना, मग ते कुठल्याही गोळीवर असोत, खरी गोळी मिळणार होती. बावन्न आठवडे. कडूताईच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर दिनदर्शिका होती; तिच्यावर ती दर रविवारी एक बारीक टिंब काढायची. खरी असली तर उत्तमच, आणि खोटी असली तरी बावन्न आठवडे काढायचेत, एवढंच. दादा तेवढे काढेल, असं ती स्वतःला बजावायची.

सव्विसाव्या आठवड्यात तिला रुग्णालयात जावं लागलं. गोळ्यांचे डबे ठेवतात त्या कपाटातली हवा किती गार आहे, किती दमट आहे, हे मधूनमधून तपासायचं असतं. ते काम आटोपून ती बाहेरच्या बाकांजवळून जात होती. चाचणीचे सात-आठ रुग्ण नंबराची वाट बघत बसले होते. एक बाई नर्सशी हुज्जत घालत होती.

“अहो, औषध आहे का रंग? यांच्या प्रत्येक शर्टाची कॉलर पिवळी झालीय बघा. घासून घासून माझे हात सोलवटले!”

कडूताई जागच्या जागी थांबली. त्या बाईच्या नवऱ्याची कॉलर पिवळी होती. शेजारच्या म्हाताऱ्याचीही. कोपऱ्यातल्या बाईच्या ओढणीची मानेजवळची कडसुद्धा. आणि बाकीच्या चौघांचे कपडे साधे, जसे असतात तसे. तो पिवळा तिच्या ओळखीचा होता. चार वर्षं तिने तो स्वतःच्या बाह्यांवर पाहिला होता.

तिच्या लख्ख ध्यानात आलं. पदार्थ अंगात साठत साठत जात होता आणि दोन-तीन महिन्यांनी घामातून उतरत होता. पहिल्यांदा धडधाकट माणसांना दिला तेव्हा दोनच आठवडे दिला होता, म्हणून तेव्हा दिसलं नाही. तिने गोळीचा रंग जुळवला, वजन जुळवलं, जिभेवरची चव जुळवली. गोळी गिळल्यावर पुढे माणसाचं काय होतं, घरी त्याचे कपडे कोण धुतं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. गोळी करणाऱ्या माणसाचं जग गोळीपाशी संपतं, आणि त्यातच ती फसली.

रविवारी ती दादाकडे गेली ती दारातून आत न जाता आधी मागच्या अंगणात गेली. दोरीवर दादाची चार बनियनं वाळत होती. पांढरीशुभ्र.

“काय बघताय वन्सं?” वहिनी बादली घेऊन आल्या. “माझी धुलाई आहे ती. बघा, एक डाग दाखवा!”

“छान आहेत हो,” कडूताई म्हणाली. आणि प्रत्येक बनियनाची मानेजवळची कड तिने उलटून पाहिली; कुठेच पिवळं नव्हतं.

त्या दिवशी दादा मोरीपर्यंत जाऊन आला आणि पाच मिनिटं बोलू शकला नाही. तिने बसच्या वेळापत्रकाचा विषय काढला.

आता तिने काय करायला हवं होतं, हे तुम्हीही सांगाल आणि मीही सांगेन. सरळ मोठ्या बाईंकडे जायचं आणि सांगायचं. पण सांगितलं की विचारणार, कशावरून? दोरीवरच्या बनियनांवरून? मग दादाला चाचणीतून काढलं तर? बावन्नाव्या आठवड्याची खरी गोळीही गेली असती हातची. तिच्याच कपाटात, तिच्याच किल्लीखाली, प्रत्येक खेपेला पाडलेल्या खऱ्या गोळ्यांपैकी काही नमुना म्हणून जपून ठेवलेल्या होत्या. दोनदा तिने ते कपाट उघडलं. पण तिच्या त्या गोळीने काहींचं यकृत बिघडायचं, दर महिन्याला रक्त बघावं लागायचं. कोणाला न सांगता दादाच्या पोटात ती ढकलायची, तर रक्त कोण बघणार होतं? दोन्ही वेळा तिने कपाट बंद केलं.

शेवटी तिने मनाची समजूत घातली ती अशी. चाचणीत एक कलम होतं. श्वास फुंकायच्या यंत्रावरचा आकडा घसरला, आणि रुग्णाने स्वतःच्या वहीत सलग चार आठवडे त्रास वाढल्याचं लिहिलं, तर वर्षाची वाट न बघता त्याला खरी गोळी सुरू करायची. दोन्ही हवं, यंत्रही आणि वहीही, कारण यंत्रावर फुंकताना माणूस एखाद्या दिवशी कमी पडू शकतो. वहीत रोज एकच प्रश्न होता: आज श्वासाला दहापैकी किती? सलग चार आठवडे सरासरी चारच्या खाली आली की झालं. दादाची अवस्था तर उघड्या डोळ्यांना दिसत होती. म्हणजे आज ना उद्या कलम आपोआप लागू होणार, डॉक्टर त्याला खरी गोळी देणार, आणि आपल्याला तोंड उघडावंच लागणार नाही. असं म्हणून ती मूग गिळून बसली. सात आठवडे.

सात आठवडे काहीच झालं नाही. दर रविवारी तिला वाटायचं, आज दादा सांगेल, औषध बदललं म्हणून. दादा सांगायचा, शेजाऱ्यांचं नळकोंडाळं अजून गळतंय. ती मनातल्या मनात डॉक्टरांना शिव्या घालायची. एवढा माणूस डोळ्यांसमोर वाळतोय, आणि हे करतात काय, माशा मारतात?

तेहतिसाव्या आठवड्यात एका रविवारी दादाला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. “वन्सं, त्या खणातला फवारा द्या, लवकर!” वहिनी ओरडल्या. कडूताईने खण उघडला. फवाऱ्याखाली चाचणीची वही होती. फवारा तिने वहिनींच्या हातात दिला. उबळ ओसरली, वहिनी गरम पाणी आणायला गेल्या, दादाने डोळे मिटले. आणि सही केलेली असूनही कडूताईने ती वही उघडली.

आठ. आठ. साडेआठ. आठ. नऊ.

तिने पानं उलटली. मागच्या महिन्यात आठ. त्याच्या मागच्या महिन्यात साडेआठ. ज्या आठवड्यात तो जिना चढेनासा झाला म्हणून त्यांनी खाट खाली आणली, त्या आठवड्यात सातही दिवस नऊ. साडेपाच सरांच्या त्या सुबक, तिरप्या अक्षरात. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला सहा दिले नाहीत, त्या माणसाने.

“दादा,” तिने वही त्याच्यासमोर धरली. “हे काय आहे?”

दादाने डोळे उघडले. वही पाहिली आणि चोरी पकडलेल्या पोरासारखा हसला.

“चिमणे, तू बघायची नाहीस ना ती?”

“नऊ? नऊ, दादा? तुला पाणी प्यायला उठवत नाही!”

“अगं,” तो थांबत थांबत म्हणाला, “तुझं औषध आहे ते. चार वर्षं खपलीस तू त्याच्यापायी. मी काय तुझ्या औषधाला नापास करू? यंत्राचं माझ्या हातात नाही. वहीचं तर आहे.”

कडूताई खुर्चीच्या पायाशी खालीच बसली. तो तिच्यासाठी खोटं लिहीत होता. प्रेमाने, रोज, न चुकता. आणि त्या प्रत्येक आठाने आणि नवाने त्याच्या खऱ्या गोळीची वाट अडवून धरली होती. डॉक्टर काय करणार? यंत्र म्हणतंय घसरतोय, आणि माणूस म्हणतोय मजेत आहे.

आता त्याने खरं लिहायला हवं, तर त्याला कारण सांगायला हवं. आणि कारण सांगायचं, तर आठ महिने ज्या गोळीवर भरवसा ठेवून हा बसलाय, ती गोळी काय आहे ते सांगायला हवं. तिने वहिनी परत यायची वाट पाहिली, कारण हे दोनदा सांगायची ताकद तिच्यात नव्हती. मग सगळं सांगितलं. मोठ्या बाईंची न विचारायची अट, बाकावरच्या कॉलरी, दोरीवरची बनियनं, चार आठवड्यांचं कलम.

दादाने तिच्या हातातली वही घेऊन मिटली.

“म्हणजे मी खडू खातोय,” दादा म्हणाला.

“खडूच. तसलंच काहीतरी.”

“छत्तीस वर्षं शाळेत नाकातोंडात गेला तो कमी पडला होता वाटतं.” आणि त्याला हसू यायला लागलं. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. वहिनी पाठ चोळत रडत होत्या. दम खाऊन तो म्हणाला, “पण इतका कडू कसा गं?”

“मी केला.”

“मला काडीचा संशय आला नाही. चांगला केलायस.” त्याने डोळे पुसले. “दहापैकी साडेपाच.”

त्या दिवसापासून दादा खरे मार्क द्यायला लागला. दोन. अडीच. दोन. तीन. कडूताई आता कुठल्याच अटीला बांधलेली नव्हती. अट तिने स्वतःच्या हाताने मोडली होती. रविवारची ती बुधवारीही यायला लागली, शनिवारीही. आली की आधी खण उघडून वही बघायची, तळहातावर पेनाने सरासरी काढायची. पहिला आठवडा दोन पूर्णांक सहा. दुसरा दोन पूर्णांक नऊ. हा आकडा वाढू नये, असं तिला वाटायचं. सख्ख्या भावाचा श्वास वाढू नये, असं वाटायचं! आपण काय झालोय, म्हणून ती बसमध्ये तोंडावर पदर घेऊन रडायची, आणि पुन्हा तळहातावरचा आकडा बघायची.

तिसऱ्या आठवड्यात घात होता होता राहिला. हवा कोरडी होती, दादाला दोन-तीन दिवस खरंच हलकं गेलं. त्याने बुधवारी साडेपाच दिले, गुरुवारी पाच.

“दादा! साडेपाच?”

“मिळाले त्याला मी काय करू?”

“अहो, खोडा ना,” वहिनी काकुळतीला आल्या. “तिथे एक दोन लिहा. आठ महिने वाटेल ते लिहिलंत, आता एक दिवस लिहायला काय होतंय?”

“तेव्हा मास्तर नव्हतो, भाऊ होतो,” दादा म्हणाला. “आता पुन्हा मास्तर झालोय. दिलेले मार्क मी खोडत नाही.”

त्या आठवड्याची सरासरी तीन पूर्णांक नऊ आली. कडूताईने तीनतीनदा मांडून पाहिली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. चौथा आठवडा सरळ गेला. दोनाच्या वर एकही दिवस नाही. अडतिसाव्या आठवड्याच्या सुरुवातीला डॉक्टरांनी यंत्र बघितलं, वही बघितली आणि दादाला दुसरा डबा दिला. या डब्यावर नुसता आकडा नव्हता, औषधाचं नाव होतं.

त्याच दिवशी कडूताई मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी सगळं कागदावर टिपून घेतलं. आरडाओरडा केला असता तर हिला बरं वाटलं असतं. कॉलरींचं कळल्यावर चाचणीच्या निकालांवर केवढं प्रश्नचिन्ह लागणार, हे दोघींनाही सांगायची गरज नव्हती. शेवटी मोठ्या बाईंनी हात पुढे केला.

“किल्ली द्या.”

कडूताईने नमुन्यांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि उठली. ती दाराशी पोचल्यावर मोठ्या बाईंनी विचारलं, “कसे आहेत भाऊ?”

“एक पूर्णांक नऊ,” कडूताई म्हणाली.

दादाने खरी गोळी अकरा दिवस घेतली. औषध चाल मंद करतं. गेलेलं परत आणत नाही, हे कडूताईला कोणी शिकवायला नको होतं. तरी रोज दुपारी ती फोन करायची. “आज किती?” वहिनी वही उघडून सांगायच्या. दोन. दीड. दोन. अकराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास दादाने खुर्चीत बसून अर्धा कप चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि वहिनी रुमाल आणायला आत गेल्या तेवढ्यात गेला. साठी नुकतीच ओलांडली होती त्याने. त्या दिवसाचा रकाना कोराच राहिला.

तीन आठवड्यांनी कडूताई वही न्यायला आली. रुग्णाची वही रुग्णालयात जमा करावी लागते. तिचं केंद्रातलं काम सुटलं होतं, पण हे एक तिने मागून घेतलं होतं. वहिनींनी वही आधीच कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवली होती. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या. बाहेरच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची तशीच होती, तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून.

“वहिनी,” कडूताई म्हणाली, “माझं चुकलं. बनियनं बघितली त्याच दिवशी बोलायला हवं होतं मी. सात आठवडे गप्प बसले. ते सात आठवडे त्याला मिळाले असते.”

“तेवढ्याने ते वाचले असते?”

“माहीत नाही. कोणालाच माहीत नाही अजून.”

“मग नका उगाच जिवाला लावून घेऊ.” वहिनींचा आवाज शांत होता. रडून रडून झालं होतं त्यांचं. “त्याबद्दल त्यांनी तुम्हाला कधी बोल लावला नाही. खडूचंही हसूनच सांगायचे, आल्यागेल्याला.” त्या थोडा वेळ वहीच्या गाठीशी चाळा करत राहिल्या. “त्यांना एकाच गोष्टीचं वाटायचं.”

“कशाचं?”

“रविवारी सकाळी उठल्यापासून गडबड असायची त्यांची. दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट काढायला लावायचे, खुर्ची खिडकीशी ओढून घ्यायचे. मला म्हणायचे, आता ती येईल आणि विचारेल, काय दादा, कसं वाटतंय? तर मी म्हणेन, एकदम फर्स्ट क्लास! न खोकता म्हणता यायला हवं म्हणून दोन-दोनदा म्हणून बघायचे. मी हसायचे. मग तुम्ही यायचात, नळाच्या आणि बसच्या गप्पा मारायचात आणि जायचात. तुम्ही गेलात की म्हणायचे, आज विसरली. पुढच्या रविवारी विचारेल.”

कडूताई घाईघाईने म्हणाली, “वहिनी, मला मनाई होती. सही दिली होती मी. कसं वाटतंय म्हणून विचारायचं नाही, अशी अटच होती ती.”

“हो, ते तुम्ही त्या दिवशी सांगितलंत. त्यांनाही पटलं ते. म्हणाले, बघ, उगाच मी वाईट वाटून घेत होतो.” वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. “मग त्यांनी उत्तर बदललं. म्हणाले, आता खरं लिहितोय तर खरंच सांगीन. तिने विचारलं, कसं वाटतंय दादा, की सांगून टाकीन, चिमणे, मला भीती वाटते. माझ्याजवळ नाही बोलायचे ते असलं. मी घाबरेन म्हणून. म्हणायचे, तिला सांगता येईल. तुम्ही बुधवारी यायचात, शनिवारी यायचात. ते तुमच्या तोंडाकडे बघत बसायचे. तुम्ही खण उघडून वही काढायचात.”

कडूताईने गुंडाळलेली वही स्वतःकडे ओढली.

“त्या शेवटच्या दिवसांत तर मनाई नव्हती ना, वन्सं?” वहिनींनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

“नव्हती,” कडूताई म्हणाली.